ताऱ्यांच्या प्रवासात सैनिकांचा पगार कुठल्या घड्याळाने काढायचा?

धूमकेतू_कोथरूड

मंडळी, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलीये आणि गाडं भलत्याच ठिकाणी रुतलंय. पगारावर!

मांडणी अशी. दोन हजार सैनिक घेऊन एक जहाज टाऊ सेटी या ताऱ्याकडे निघतं. अंतर ११.९ प्रकाशवर्षं, वेग प्रकाशाच्या ०.९ पट. (वेग पकडायला आणि सोडायला लागणारा काळ तूर्तास बाजूला ठेवा, नाहीतर धागा तिथेच संपेल.) पृथ्वीवरून पाहिलं तर जायला १३.२ वर्षं, जहाजातल्या माणसाला मात्र पावणेसहाच्या आसपास. तिथे दोन वर्षं तळ, मग परत. एकूण हिशोब: घरच्यांची २८ वर्षं सरली, सैनिकाची साडेतेरा.

पहिल्या खर्ड्यात मी तोऱ्यात लिहिलं होतं, 'परतले तेव्हा सगळेच कोट्यधीश झाले होते.' बायकोने वाचलं आणि विचारलं, 'कोणाच्या बँकेत?' तेव्हापासून लेखणी अडली आहे.

तर प्रश्न: पगार २८ वर्षांचा की साडेतेराचा? महिन्याच्या महिन्याला की एकरकमी? आणि जहाजावर त्या पैशाचं करायचं काय?

चिवडा

बसलोय. चहा ठेवलाय.

तोवर एक भर. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी वर गेले आणि २८६ दिवसांनी मार्च २०२५मध्ये उतरले. ओव्हरटाइम शून्य. नेहमीचा पगार, वर किरकोळ खर्चाला दिवसाला ५ डॉलर. म्हणजे १४३० डॉलर. तुमच्या सैनिकांनी फार आशा धरू नये.

फळाखडू

भौतिकशास्त्राच्या बाजूने उत्तर सरळ आहे. माणूस काम करतो ते त्याच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे. त्याने पहारे दिले साडेतेरा वर्षांचे, जेवणं जेवला साडेतेरा वर्षांची, केस पिकले तेही तेवढेच. मग पगार २८ वर्षांचा कशाला? वर्गात मुलं विचारतात, 'सर, खरा वेळ कुठला?' दोन्ही खरे. पण नोकरी ज्याने केली त्याचं घड्याळ जहाजावर आहे.

हे अगदी कल्पनेतलं नाही बरं का. सर्गेई क्रिकालेव्ह सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस अंतराळात होता. वेगामुळे त्याचं घड्याळ पृथ्वीच्या मागे पडलं ते सुमारे ०.०२ सेकंद. तेवढ्याची पगारकपात कोणी केल्याचं ऐकिवात नाही, पण तत्त्व तेच.

ताळेबंद

मास्तर अर्धे बरोबर आहेत. उरलेलं अर्धं अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने १९७८ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा तो तरुण प्राध्यापक होता. ताऱ्यांमधल्या व्यापारावर त्याने गंभीर चेहऱ्याने एक गमतीचा निबंध लिहिला, तो छापून यायला २०१० साल उजाडलं. त्यातला पहिला सिद्धांत असा: मालावरचं व्याज जहाजाच्या घड्याळाने मोजायचं नाही, ग्रहावरच्या घड्याळाने मोजायचं. कारण व्यापाऱ्यापुढे दुसरा पर्याय होता तो म्हणजे पैसा घरीच बँकेत ठेवणं, आणि बँक काही जहाजाबरोबर धावत नाही.

हेच पगाराला लावा. मेहनताना जहाजाच्या घड्याळाने, साठलेल्या रकमेवरचं व्याज पृथ्वीच्या. पहिल्याच महिन्याचा पगार ७ टक्क्यांनी गुंतवला तर २८ वर्षांत साधारण पावणेसातपट होईल. हुरळून जाऊ नका. महागाई ६ टक्के धरली तर वस्तूही सव्वापाचपट महागल्या. हातात खरी वाढ तीस टक्क्यांच्या आसपास, तीही फक्त पहिल्या पगारावर. शेवटच्या पगाराला व्याज कसलं? तुमचे कोट्यधीश आकड्यांतच कोट्यधीश.

चिवडा

म्हणजे बायको बरोबर होती.

धूमकेतू_कोथरूड

ती धाग्यावर नाहीये, हळू बोला.

ताळेबंद, हे घड्याळांचं वाटप आवडलं. हेच कथेत घेतो. पण अजून एक गाठ आहे. अर्ध्या सैनिकांना मी प्रवासात शीतनिद्रेत ठेवलंय. त्यांनी ना पहारा दिला, ना काही. त्यांना अर्धा पगार चालेल ना?

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. मी फारसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

साहेब, झोपवलं कोणी? जवान स्वतः झोपला तर चार्जशीट, तुम्ही झोपवला तर ती ड्यूटी. तो उठून घरी जाऊ शकतो का? शेतावर जाऊ शकतो का? नाही ना? मग तो चोवीस तास सरकारचा. आमच्याकडे बर्फात चौकीवर माणूस बसतो, कधी कधी आठ-आठ दिवस गोळी चालत नाही, काही होत नाही. म्हणून पगार अर्धा केला का? उलट वाढवला. सियाचीनचा भत्ता २०१७ला जवानांसाठी १४ हजारांवरून ३० हजार झाला. भत्ता कामाचा नसतो, जागेचा असतो. तुमच्या शीतपेटीला तर सियाचीनपेक्षा जास्त लागेल.

दुसरं. तुम्ही सगळे घड्याळाचं बोलताय. पगार घड्याळावर निघत नाही, पार्ट टू ऑर्डरवर निघतो. लग्न झालं, मूल झालं, बढती झाली, सुट्टीवरून उशिरा आला, काहीही असो, युनिटने पार्ट टू ऑर्डर काढायची, ती पे ऑफिसला पोचायची, मग खात्यात फरक पडायचा. आमचं पे ऑफिस बेळगावला, सेंटरपाशी. युनिट अरुणाचलात असलं की कागद पोचेपर्यंत कधी कधी माणसाची बदली व्हायची. तुमच्या जहाजात एखादा नाईक हवालदार झाला तर ती ऑर्डर पोचायला किती वर्षं?

फळाखडू

प्रवासाच्या टप्प्यावर अवलंबून. टाऊ सेटीवरून पाठवली तर ११.९ वर्षं. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, त्याहून लवकर काहीच नाही.

सुभेदार_निवृत्त

मग एरियरचाच जमाना आहे म्हणा की.

थर्ड_इंजिनियर

सध्या पोर्टमध्ये आहे, नेट मिळतंय तोवर लिहितो.

जहाजावर पैशाचं काय करतात? आम्हाला विचारा! नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टात रोकड जवळजवळ दिसतच नाही. बॉन्डेड स्टोअरमधून सिगारेट, चॉकलेट, शीतपेयं, साबण घ्यायचं, वहीत सही करायची, महिनाअखेरीला पगारातून वजा. रोख हवी असेल तर कॅप्टनकडे मागायची, तीही पोर्ट आलं की. बाकीचा पगार सरळ घरच्या खात्यात, त्याला आम्ही अलॉटमेंट म्हणतो. किती टक्के घरी पाठवायचे ते तुम्ही सांगता. २००६च्या सागरी कामगार कराराप्रमाणे पगार दर महिन्याला निघालाच पाहिजे. नंतरच्या दुरुस्तीत, चाच्यांनी धरून नेलं तरी पगार चालू राहतो असंही आलं.

हे साधं वाटतं, पण पूर्वी उलटं होतं. ब्रिटिश नौदलाचं 'वेजर' जहाज १७४१मध्ये चिलीच्या किनाऱ्यापाशी फुटलं. जहाज गेलं की पगार थांबला अशी तेव्हाची रीत. मग खलाशी म्हणाले, पगार नाही तर कॅप्टनचा हुकूमही नाही. पुढे नौदलाला कायदाच बदलावा लागला. तेव्हा धूमकेतू, तुमचं जहाज अर्ध्या वाटेत बंद पडलं तर पगाराचं काय, हे आधीच लिहून ठेवा. बंड तिथून सुरू होतं.

वेणू_सातारा

अलॉटमेंटचा विषय निघाला म्हणून लिहिते. सगळे पुरुष जहाजात बसून हिशोब करताय. जरा पृथ्वीवर या.

माझे बाबा सैन्यात होते, आई गावात. तिला घरभाडं नव्हतं, पण किराणा, आमची फी, आजीचं औषध हे सगळं दर महिन्याला. तिचा महिना तीस दिवसांचाच होता. आता तुमच्या सूत्राने पाहू. पगार जहाजाच्या घड्याळाने. म्हणजे पृथ्वीवर २.२९ महिने गेले की नवऱ्याचा एक पगार. समजा त्याने निम्मा पगार घरी लावून दिलाय आणि बायकोला तो तिच्या दर महिन्याला मिळतोय. एका पगारातून किती गेले? ०.५ गुणिले २.२९, म्हणजे १.१५ पगार. माणूस झोपून उठला तर डोक्यावर कर्ज! आणि तिलाही जहाजाच्या घड्याळाने दिलेत, तर ती सव्वादोन महिन्यांतून एकदा चूल पेटवणार का?

ताळेबंद

वेणूताई, कागदावर मांडून पाहिलं. तुमचं तंतोतंत बरोबर आहे आणि मला हे सुचलं नाही याची लाज वाटते. ०.९ पट वेगाला पगाराच्या ४३-४४ टक्क्यांहून जास्त घरी लावलं की खातं उणे. वेग जितका जास्त तितकी ही मर्यादा खाली. ०.९९ पट वेगाला काळ सातपट ताणला जातो, म्हणजे १४ टक्केसुद्धा काठावर.

माझं आधीचं वाक्य मागे घेतो. मेहनतान्याचं घड्याळ एक आणि व्याजाचं दुसरं, एवढ्याने भागत नाही. तिसरी बाजू आहे, खर्चाची.

गारदी

इथे मला शिरायलाच हवं. (नाव वाचून घाबरू नका, थकबाकी मागायला आलेलो नाही.)

डच ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी वर्षानुवर्षं घराबाहेर असत. त्यांच्या बायकांसाठी कंपनीने चिठ्ठीची पद्धत काढली: खलाशाच्या वर्षाच्या पगारातले जास्तीत जास्त तीन महिन्यांचे पैसे हॉलंडमध्ये घरच्यांना मिळत. म्हणजे २५ टक्के. वेणूताईंच्या सूत्रात घाला: २५ गुणिले २.२९, सत्तावन्न टक्के. खलाशी तरला! पण ०.९७ पट वेगाला काळ ४.११ पट ताणतो आणि कंपनीचा खलाशीही १०३ टक्क्यांवर जाऊन बुडतो. सतराव्या शतकातला नियम ०.९ला टिकतो आणि ०.९७ला मोडतो, हे मला रात्री दोन वाजता फारच गमतीचं वाटतंय.

आता मुद्दा. सैनिकाचा पगार हा प्रकारच मुळी लांबच्या गैरहजेरीतून जन्मला. रोमन परंपरा सांगते की इसवी सनपूर्व ४०६मध्ये व्हेई शहराच्या वेढ्याच्या वेळी सैनिकांना पहिल्यांदा वेतन सुरू झालं. त्याआधी लढाई म्हणजे उन्हाळ्याचं काम, पेरणी-कापणीला माणूस घरी. वेढा लांबला, शेत पडीक राहिलं, मग राज्याला पैसे मोजावे लागले. पुढे साम्राज्यात सैनिकांची शिल्लक छावणीतच, ध्वजांच्या देवघरात ठेवत, आणि हिशोब ध्वजवाहकाकडे. व्हेजिशियस नावाचा लेखक स्पष्ट म्हणतो की पैसा ध्वजापाशी अडकला की माणूस पळून जात नाही.

पण त्याची दुसरी बाजू पाहा. इसवी सन ८९मध्ये सॅटर्निनस या रोमन सेनापतीने जर्मनीत बंड केलं तेव्हा एकाच छावणीत दोन सैन्यदलं होती आणि दोघांची शिल्लक त्याच्या हाताशी. डोमिशियन बादशहाने बंड मोडल्यावर नियम केला की ध्वजापाशी कोणीही हजार सेस्टर्शियसपेक्षा (हे रोमन नाणं) जास्त ठेवायचे नाहीत. धूमकेतू, तुमच्या जहाजावर तिजोरी ठेवलीत तर सेनापती तिच्यावर बसेल. पृथ्वीवर ठेवलीत तर सैनिक विचारतील, आहे की नाही कशावरून?

आणि थकवलीत तर? स्पेनच्या राजाने १५७५मध्ये दिवाळं काढलं, पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला त्याच्याच बिनपगारी फौजेने अँटवर्प लुटलं. आपल्याकडे १७६०मध्ये भाऊसाहेबांना फौजेचा खर्च भागवायला दिल्लीतल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. आणि ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात जे शिरले ते थकलेला पगार मागायच्या निमित्तानेच. पुढचं सांगायला नको.

चिवडा

काका मला वाचवा... म्हणजे थकबाकी द्या.

(धाग्याचं पानिपत व्हायला एकूण बारा प्रतिसाद लागले. नोंद घ्यावी.)

अमावस्या_११

विज्ञानकथेत एवढे हिशोब कोण वाचणार? लढाया दाखवा, लेझर दाखवा. पगारपत्रक वाचायला आम्ही ऑफिसला जातोच की.

गारदी

लेझर सगळेच दाखवतात. ज्या फौजेचा पगार कुठून येतो ते मला कळत नाही, ती मला खेळण्यातली वाटते. आपापली आवड.

निशिकासाईकर

तोक्योहून लिहितोय. गारदींनी इतिहास काढलाच आहे तर इथला एक खरा किस्सा सांगतो. तुमच्या २८ वर्षांच्या आकड्यानेच आठवला.

शोइची योकोई नावाचा जपानी सैनिक ग्वाम बेटावर जंगलात लपून राहिला आणि जानेवारी १९७२मध्ये सापडला. अठ्ठावीस वर्षांनी! त्याला थकलेला पगार म्हणून जे मिळालं ते तेव्हाच्या सुमारे ३०० डॉलरच्या आसपास, वर छोटंसं पेन्शन. त्याच्या आयुष्याची २८ वर्षं खरोखरच गेली होती, काळ ताणला वगैरे काही नाही. तरी ही गत. मधल्या काळात येन बदलला, महागाई झाली, आणि ज्या सैन्याने त्याला नेमलं होतं ते सैन्यच १९४५मध्ये बरखास्त झालं.

पण माझ्या मते तुमच्या कथेसाठी खरा माणूस तो नव्हे, तेरुओ नाकामुरा. हा मूळचा तैवानमधल्या आमिस जमातीचा. जपानची वसाहत असताना भरती झाला आणि डिसेंबर १९७४मध्ये इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर सापडला. तोवर तैवान जपानचा राहिला नव्हता. म्हणजे तो ज्या देशासाठी लपून बसला होता, त्या देशाच्या लेखी तो आता परका. पेन्शनच्या नियमात तो बसेना. हातात आले ६८ हजार येन. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, मग लोकांनी आणि इतरांनी मदत केली, तो भाग वेगळा. घरी बायकोने दुसरं लग्न केलं होतं, कारण तिच्या लेखी तो कधीच मेलेला.

तुम्ही दोन दिवस कुठलं घड्याळ यावर वाद घालताय. नाकामुराच्या बाबतीत दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती. देणेकरी बदलला होता.

फळाखडू

हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या क्रिकालेव्हकडे परत यावं लागतंय. ०.०२ सेकंदांच्या नादात मोठी गोष्ट राहिली. तो मे १९९१मध्ये मीर स्थानकावर गेला तो सोव्हिएत नागरिक म्हणून. डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. जानेवारी १९९२मध्ये रशियाने किमतींवरची नियंत्रणं उठवली आणि भाव भडकले. तो उतरला २५ मार्च १९९२ला, ३११ दिवसांनी. ज्या तळावरून उडाला होता तो कझाकस्तानात गेला होता, आणि ज्या शहरात जन्मला त्या लेनिनग्राडचं नाव सेंट पीटर्सबर्ग झालं होतं. दहाच महिने, आणि तेही चारशे किलोमीटरवर! धूमकेतूंच्या जहाजाला २८ वर्षं आहेत.

ताळेबंद

मग रोख्याचा विचार करा. एकाच सरकारवर विसंबायचं नाही. पगाराचा काही भाग जमिनीत, काही सोन्यात, काही टाऊ सेटीवरच्या वसाहतीत वाटा म्हणून. रोमनसुद्धा निवृत्तांना कधी जमीन देत, कधी रोकड. ऑगस्टसने इसवी सन ६मध्ये त्यासाठी वेगळा खजिनाच काढला, त्यात वारसा कराचे पैसे. निधी वेगळा काढलेला असला की निदान नवा राजा तो सहजी खाऊ शकत नाही.

गारदी

सहजी.

सुभेदार_निवृत्त

पेन्शनचा विषय आलाच म्हणून एक शंका. आम्हाला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता मोबाइलवर जीवन प्रमाण होतं, नातू करून देतो. एखादा जवान तिकडेच वसाहतीत राहिला तर त्याचा दाखला पोचेपर्यंत बारा वर्षं. दाखल्यावर लिहिलंय जिवंत आहे, पण कधीचा? मेला असेल तर बारा वर्षांची वसुली कोणाकडून? विधवेकडून?

वेणू_सातारा

वसुलीचं नाव काढू नका सुभेदारकाका. आईला एकदा कुठल्याशा कार्यालयातल्या चुकीने पाच महिने पैसेच आले नव्हते. बाबा कुठे आहेत हेही माहीत नाही. ती रोज पोस्टमनची सायकल ऐकायची. पैसे आले तेव्हा सगळे एकदम आले, पण त्या पाच महिन्यांतली दुकानदाराची नजर परत आली नाही. तुमचं एकरकमी वगैरे मला म्हणूनच पटत नाही.

धूमकेतूदादा, माझं मत सांगू? घरच्यांना जे द्यायचं ते सैनिकाच्या पगारातून कापूच नका. ते वेगळं द्या, पृथ्वीच्या महिन्याने, सैनिक जिवंत असो, झोपलेला असो की बेपत्ता. त्याचा पगार त्याच्या घड्याळाने साठू दे. म्हणजे तो कर्जात उठणार नाही आणि हिला वाट बघायला लागणार नाही.

थर्ड_इंजिनियर

+१. पण मग सरकारला दोन हजार कुटुंबं २८ वर्षं पोसायची आहेत. संसदेत दर पाच वर्षांनी कोणीतरी उठून विचारणार, हे अजून कशाला चालू आहे?

धूमकेतू_कोथरूड

आणि तिथेच माझी कथा आहे हे आत्ता कळलं!

जहाज मी आता दाखवतच नाही. कथा पृथ्वीवर, पगार कार्यालयात. एक कारकून बाई, तिच्याकडे दोन हजार खाती. सरकार तीनदा बदललंय, चलन एकदा. दर महिन्याला ती पैसे सोडते, दर अर्थसंकल्पात कोणीतरी ते बंद करायला निघतं आणि ती फाइल फिरवत ठेवते. जहाजावरून येणाऱ्या पार्ट टू ऑर्डरी कैक वर्षांनी पोचतात, त्यातल्या एकीत तिच्या स्वतःच्या भावाचं नाव. (सुभेदारकाका, हा शब्द तुमच्याकडून उसना.) वेणूताई, तुमचा दुकानदार घेतोय, चालेल ना?

वेणू_सातारा

घ्या. अजून एक देते. आईच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं आहेत अजून. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपाला थोडी जागा असायची, पोस्टमन तेवढं फाडून द्यायचा. पैसे खर्च झाले, कुपनं राहिली. बँकेत पैसे जमा व्हायला लागले तेव्हा आई म्हणाली, आता नुसतेच पैसे येतात.

सुभेदार_निवृत्त

त्या जागेत आम्ही सगळे एकच लिहायचो. मी इकडे खुशाल आहे, तिकडची खुशाली कळवणे. लंगरच्या मागे रांगेत बसून, एकाचं बघून दुसरा.

तुमच्या जहाजावरून ते पोचायला बारा वर्षं आणि जबाब यायला आणखी बारा. धूमकेतू साहेब, तुमचा जवान दुसरं वाक्य लिहील की नाही, ते जरा नीट ठरवा.